पोटातील जिवाणूवरची औषधे स्वस्त आहेत, पण पुरा कोर्स मिळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जेनेरिक औषधांविषयी आपल्या सांगली जिल्ह्यात जी चर्चा होते, ती बहुतेक वेळा मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांपासून सुरू होते आणि तिथेच थांबते. ते स्वाभाविक आहे, कारण त्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि दर महिन्याला खिशाला बसणारी कात्री प्रत्येकाला जाणवते. मात्र एक आजार असा आहे की ज्यावरची औषधे अवघे दोन आठवडे घ्यायची असतात, पण एकाच वेळी तीन किंवा चार घ्यावी लागतात, त्यांतले एकही वगळून चालत नाही आणि बरे वाटले म्हणून मध्येच थांबूनही चालत नाही. जठरात घर करून राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्ग हा तो आजार. त्यावरच्या एकत्रित औषधांच्या जेनेरिक पर्यायांबद्दल, औषध दुकानाच्या काउंटरमागून रोज जे दिसते त्याच्या आधारे, हे पत्र लिहीत आहे. ही औषधे स्वस्त करण्याचे काम बऱ्याच अंशी झालेले आहे. ती योग्य जोडीने, योग्य मात्रेत आणि पूर्ण मुदतीची एकत्र मिळावीत, हे काम मात्र कोणी मनावर घेतलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

छातीत जळजळ, जेवल्यावर पोट फुगणे, रिकाम्या पोटी कळ येणे अशा तक्रारी असलेला माणूस आपल्याकडे आधी दुकानात येऊन 'पित्ताची गोळी' मागतो. गोळीने चार दिवस बरे वाटते, पंधरवड्याने तो पुन्हा येतो. अशा प्रत्येकाला जिवाणूचाच संसर्ग असतो असे नाही. सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही जठरात व्रण होतात. परंतु जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील अल्सरचे एक मोठे कारण हा जिवाणू आहे, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी 1982 मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. तोवर अल्सर म्हणजे काळजी, तिखट आणि वाढलेले आम्ल यांचा परिणाम, अशीच डॉक्टरांचीही समजूत होती. मार्शल यांनी 1984 मध्ये जिवाणूंचे द्रावण स्वतः प्यायले आणि जठराला सूज येते हे स्वतःवरच दाखवून दिले. 2005 मध्ये या दोघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर 1994 मध्येच या जिवाणूला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले होते. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात तो असतो असे मानले जाते, आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. म्हणून सरसकट सर्वांनी औषधे घ्यावीत असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याला अल्सर झालेला आहे आणि तपासणीत जिवाणू सापडलेला आहे, त्याने केवळ आम्ल कमी करणारी गोळी वर्षभर गिळत राहणे म्हणजे दुखणे पोसणे होय.

एकाच औषधाने हा जिवाणू का जात नाही, हे रुग्णांना कोणीतरी नीट सांगायला हवे, कारण ते कळले की कोर्स पुरा करण्याचे महत्त्व आपोआप पटते. जठरातल्या तीव्र आम्लात बहुतेक जिवाणू तग धरत नाहीत. हा मात्र युरिएज नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने युरियापासून अमोनिया तयार करतो, आपल्याभोवतीचे आम्ल सौम्य करतो आणि जठराच्या आतील चिकट स्तराखाली जाऊन बसतो. तिथवर प्रतिजैविक पोचणे मुळातच अवघड, त्यात क्लॅरिथ्रोमायसिनसारखे औषध आम्लात टिकत नाही, आणि अमॉक्सिसिलिन जिवाणू वाढत आणि विभागत असतानाच त्याला मारू शकते. म्हणून ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल यांपैकी एक आम्लरोधक दिवसातून दोनदा देऊन जठरातील आम्ल खाली आणावे लागते. मग जिवाणू वाढीला लागतो आणि प्रतिजैविकांच्या तावडीत सापडतो. दोन प्रतिजैविके अशासाठी, की एकाला दाद न देणारे जे थोडे जिवाणू उरतील त्यांना दुसऱ्याने गाठावे. बिस्मथ हे चौथे औषध जोडले तर ते जिवाणूच्या आवरणावरच घाव घालते, आणि बिस्मथला दाद न देणारा जिवाणू सहसा आढळत नाही. यातली एक कडी काढली की उरलेल्या औषधांचा उपयोग फारसा राहत नाही. उलट जे जिवाणू वाचतात ते त्या औषधाला सरावतात आणि पुढच्या वेळी तेच औषध निकामी ठरते.

आता दुकानातले चित्र पाहा. या आजारावर बाजारात जी तयार किट मिळतात त्यांत सहसा एका दिवसाची एक पट्टी असते. पट्टीवर सकाळ आणि रात्र असे दोन भाग पाडलेले, प्रत्येक भागात तीन वेगवेगळ्या गोळ्या किंवा कॅप्सूल. रचना खरोखर सोयीची आहे, कमी शिकलेल्या माणसालाही चूक होऊ नये अशी. पण दिवसाची पट्टी सुटी असल्यामुळेच ती सुटी विकलीही जाते. तासगाव किंवा कवठेमहांकाळकडचा द्राक्षबागायतदार मिरजेत दुर्बिणीची तपासणी करून चिठ्ठी घेऊन येतो. चौदा दिवसांचा हिशेब सांगितला की तो क्षणभर चिठ्ठीकडे बघतो आणि म्हणतो, "आत्ता तीन दिवसांचं द्या, गुण आला तर बाकीचं नेतो." गुण येतोच, कारण आम्लरोधकाने जळजळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थांबते. बाकीच्या पट्ट्या न्यायला तो येत नाही. छाटणीचे दिवस असतात, औषध फवारणी असते, आणि दुखणे तर थांबलेले असते. जिवाणू मात्र जागच्या जागी राहतो, आणि आता तो दोन प्रतिजैविकांची चव घेतलेला असतो. आम्ही समजावून सांगतो. सर्वच दुकानांत तेवढी उसंत असते किंवा तेवढी आस्था असते असे म्हणणे धाडसाचे होईल.

या व्यवहारात पैशांचा वाटा मोठा आहे हे उघड आहे, आणि म्हणूनच जेनेरिकचा प्रश्न इथे येतो. या कोर्समधले जवळजवळ एकही औषध नवे नाही. बिस्मथचे क्षार पोटाच्या विकारांवर अठराव्या शतकापासून वापरात आहेत. यात वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी टेट्रासायक्लिन 1950 च्या दशकातले, मेट्रोनिडाझोल 1960 च्या आसपासचे, अमॉक्सिसिलिन 1970 च्या दशकातले. ओमेप्राझोल 1980 च्या दशकाच्या अखेरीस आले आणि क्लॅरिथ्रोमायसिन त्याच सुमारास. सर्वांची पेटंटे केव्हाच संपली आहेत. शिवाय आपल्याकडे 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे तर केवळ ते बनवण्याच्या प्रक्रियेवर हक्क दिला, 2005 पर्यंत तीच व्यवस्था राहिली, आणि त्या काळात भारतीय कारखान्यांनी ही औषधे स्वस्तात बनवण्यात हात बसवला. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले, तेव्हापासून प्रतिजैविके सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्याची परंपरा आपल्याच राज्यात आहे.

जुनी औषधे एकत्र बांधली की त्यांची किंमत कशी चढते, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. तिथे बिस्मथ, मेट्रोनिडाझोल आणि टेट्रासायक्लिन ही तिन्ही एकाच कॅप्सूलमध्ये भरलेले पायलेरा नावाचे औषध 2006 मध्ये मंजूर झाले. एका कॅप्सूलमध्ये बिस्मथ सबसायट्रेट पोटॅशियम 140 मिलिग्रॅम आणि उरलेली दोन प्रत्येकी 125 मिलिग्रॅम; अशा तीन-तीन कॅप्सूल दिवसातून चार वेळा, दहा दिवसांत एकशे वीस, आणि सोबत दिवसातून दोनदा ओमेप्राझोल. घटक जुने आणि स्वस्त, पण एकत्र कॅप्सूलची किंमत शेकडो डॉलरांत गेली. आपल्या पेटंट कायद्यातील कलम 3 मधील ई या उपकलमानुसार, ज्या मिश्रणात घटकांचे गुण केवळ एकत्र येतात आणि त्यापलीकडे काही घडत नाही, अशा मिश्रणाला शोध मानले जात नाही. हे कलम आपल्या रुग्णांच्या बाजूचे आहे आणि ते तसेच राहिले पाहिजे.

आपल्याकडे किंमत निराळ्या मार्गाने वाढते. अमॉक्सिसिलिन, क्लॅरिथ्रोमायसिन, मेट्रोनिडाझोल आणि ओमेप्राझोल ही सुटी औषधे 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, म्हणजे 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार त्यांच्या कमाल किमती ठरलेल्या आहेत. त्यांचीच बांधलेली किट त्या यादीत नाहीत. यादीबाहेरच्या औषधाची सुरुवातीची किंमत सहसा कंपनी ठरवते आणि पुढे वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत ती वाढवू शकते. दुसरी बाब आमच्याच व्यवसायातली आहे आणि ती उघडपणे मांडणे मला आवश्यक वाटते. दुकानांत 'जेनेरिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा मालावर छापील किंमत ब्रँडच्या जवळपासच असते, दुकानदाराला तो बराच स्वस्त पडतो, आणि मधला फरक रुग्णाला द्यायचा की नाही हे दुकानदाराच्या मनावर राहते. ज्या जेनेरिकचा फायदा रुग्णापर्यंत पोचत नाही, त्याची तरफदारी करण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारच्या स्वस्त औषध योजनेतील जनऔषधी केंद्रांत तसे होत नाही, कारण तिथे छापील किंमतच कमी असते; ब्रँडपेक्षा पन्नास ते नव्वद टक्के कमी, असे शासन सांगते, आणि रोजच्या औषधांच्या बाबतीत ते खरे असल्याचे मी पाहिले आहे.

जेनेरिकने गुण येतो का, हा प्रश्न आमच्याकडे रोज विचारला जातो. याला सरसकट 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देणारा माणूस एक तर विक्रेता असतो किंवा त्याला विषय माहीत नसतो. या कोर्सपुरते बोलायचे तर सर्वांत नाजूक औषध आहे ते आम्लरोधक. ओमेप्राझोल आम्लातच नष्ट होते, म्हणून त्याच्या बारीक गोलकांवर असे आवरण चढवावे लागते की जे जठरात विरघळू नये आणि आतड्यात गेल्यावर विरघळावे. प्रयोगशाळेत ते आधी दोन तास आम्लात ठेवून आणि नंतर कमी आम्लतेच्या द्रावणात ठेवून तपासतात. आवरण कच्चे असेल तर कॅप्सूलमध्ये औषध पूर्ण भरलेले असूनही रुग्णाला त्यातले फार थोडे मिळते, आम्ल खाली येत नाही आणि महागडी प्रतिजैविकेही वाया जातात. याच कारणाने गिळायला त्रास होतो म्हणून वृद्ध माणसाला ही कॅप्सूल फोडून, आतले दाणे खलात कुटून देऊ नयेत. बरे, हा दोष ब्रँडच्या औषधात असू शकत नाही असे मुळीच नाही. आपल्याकडे ब्रँडच्या नावाने विकली जाणारी बहुतेक औषधेही पेटंट संपलेलीच, म्हणजे मुळात जेनेरिकच असतात आणि पुष्कळदा एकाच कारखान्यातून दोन वेगळ्या नावांनी बाहेर पडतात. भेद करायचा तर तो तपासलेले आणि न तपासलेले असा करावा. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांच्या नव्या परवान्यासाठी मूळ औषधाइतकेच ते रक्तात उतरते हे सिद्ध करण्याची अट केंद्र सरकारने एप्रिल 2017 मध्ये घातली, आणि कारखान्यांसाठीच्या उत्पादन दर्जाच्या नियमावलीत, म्हणजे शेड्यूल एममध्ये, 2023 च्या अखेरीस सुधारणा केली. जनऔषधीची प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते. या अटी कागदावर चांगल्या आहेत. अन्न व औषध प्रशासनाने दुकानांतून अचानक नमुने उचलताना आम्लरोधकाच्या आवरणाची चाचणी आवर्जून करावी आणि तिचे निकाल बॅच क्रमांकासह स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावेत. कोणत्याही जाहिरातीपेक्षा लोकांचा विश्वास त्याने अधिक बसेल.

माझी खरी तक्रार याच्या पुढची आहे. बाजारात अजूनही अशी किट आहेत की ज्यांत क्लॅरिथ्रोमायसिन 250 मिलिग्रॅम आणि मेट्रोनिडाझोलच्याच कुळातले टिनिडाझोल 500 मिलिग्रॅम असते आणि ती सात दिवस घ्यावीत असे सांगितले जाते. वैद्यकशास्त्र तिथून केव्हाच पुढे गेले आहे. क्लॅरिथ्रोमायसिन वापरायचेच तर 500 मिलिग्रॅम दोनदा, सोबत अमॉक्सिसिलिन एक ग्रॅम दोनदा, आणि मुदत चौदा दिवस, अशी मात्रा सांगितली जाते. तेही जिथे त्या औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या खाली असल्याची खात्री आहे तिथेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये नव्या प्रतिजैविकांची तातडीची गरज असलेल्या जिवाणूंची जी यादी केली, तीत क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारा हा जिवाणू उच्च प्राधान्याच्या गटात होता. युरोपातील तज्ज्ञांच्या 2022 च्या सहमतीपत्रात आणि अमेरिकन पोटविकारतज्ज्ञ संघटनेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत, जिवाणू कोणत्या औषधाला दाद देतो हे तपासलेले नसेल तर बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि आम्लरोधक या चार औषधांच्या कोर्सला पहिली पसंती दिलेली आहे. भारतात मेट्रोनिडाझोलला न जुमानणारे जिवाणू फार आहेत हे खरे. तरीही पुरेशा मात्रेत, बिस्मथसोबत आणि पूर्ण मुदत दिले तर या चौकडीचा उपयोग होतो, असे अनुभवाला आलेले आहे.

आणि नेमकी हीच चौकडी आपल्याकडे जुळवता येत नाही. मेट्रोनिडाझोल कोणत्याही दुकानात मिळते, आम्लरोधकांना तोटा नाही. टेट्रासायक्लिनच्या 500 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल मागितल्या की घाऊक विक्रेत्याकडून "येत नाही" हे ठरलेले उत्तर येते, आणि बिस्मथ कधी असते, कधी नसते. टेट्रासायक्लिन इतके स्वस्त आहे की ते बनवण्यात कोणाला रस उरलेला नाही आणि ते डॉक्टरांपर्यंत नेण्यासाठी कोणताही वैद्यकीय प्रतिनिधी बॅग उचलत नाही. मग त्याच्या जागी सहज मिळणारे डॉक्सिसायक्लिन लिहिले जाते. दोन्ही एकाच कुळातली असली तरी या जिवाणूवर डॉक्सिसायक्लिनचा परिणाम कमी पडतो, असे अभ्यासांत दिसलेले आहे. जे औषध स्वस्त असल्यामुळेच बाजारातून नाहीसे होते, ते पुरवण्यासाठी तर सरकारी जेनेरिक योजना असायला हवी. खाजगी बाजार जिथे आपणहून पोचतो त्या गोळ्या आणखी स्वस्त करणे चांगलेच आहे, पण जिथे तो पोचत नाही तिथे सरकारने पोचणे अधिक निकडीचे आहे.

डॉक्टरांच्या चिठ्ठीचा मुद्दाही यात गुंतलेला आहे. चिठ्ठीवर किटचे ब्रँडनाव असेल तर त्याच घटकांचे दुसरे, स्वस्त किट माझ्यासमोर असूनही मला ते देता येत नाही. औषध नियम 1945 मधील नियम 65 च्या उपनियम 11ए नुसार शेड्यूल एचमधील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येणाऱ्या, औषधाच्या जागी, घटक तेच असले तरी, दुसरे उत्पादन परस्पर देण्यास मनाई आहे. तो नियम रुग्णाच्या सुरक्षेसाठी आहे आणि मला तो मान्य आहे. म्हणूनच औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे ही डॉक्टरांच्या आचारसंहितेत 2016 मध्ये आलेली सूचना महत्त्वाची ठरते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये ती अधिक कडक केली आणि त्याच महिन्यात नवी नियमावली स्थगितही केली. डॉक्टरांचा आक्षेप जेनेरिकच्या दर्जाबद्दल होता, आणि तो निराधार नव्हता. पण निदान या एका कोर्सपुरते चारही औषधांचे मूळ नाव, मिलिग्रॅम, वेळा आणि 'चौदा दिवस' एवढे चिठ्ठीवर स्पष्ट आले तर रुग्णाला कोठूनही पूर्ण कोर्स घेता येईल आणि दुकानातल्या औषधनिर्मात्याला तो तपासूनही देता येईल.

सूचनांअभावी हा कोर्स अर्धवट सुटतो, हेही रोज दिसते. बिस्मथने जीभ आणि शौच काळे होते. ते निरुपद्रवी आहे, पण कोणी आधी सांगितले नसेल तर माणूस घाबरून औषध टाकून देतो. त्याचबरोबर हेही सांगायला हवे, की शौच डांबरासारखे चिकट आणि दुर्गंधीयुक्त होत असेल, चक्कर येत असेल तर तो अल्सरमधून होणारा रक्तस्राव असू शकतो आणि तेव्हा विलंब न करता रुग्णालय गाठावे. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेतले तर दुधातले कॅल्शियम त्याला धरून ठेवते आणि औषध अंगी लागत नाही. लोहाच्या गोळीचेही तसेच. आमच्याकडे पहाटे धार काढून झाली की दुधाच्या चहाबरोबरच गोळ्या घेण्याची रीत आहे, तेव्हा हे ठासून सांगावे लागते. गर्भवतींना आणि आठ वर्षांखालील मुलांना टेट्रासायक्लिन देत नाहीत. मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल चालू असताना आणि नंतरचे काही दिवस दारू वर्ज्य. पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्याला अमॉक्सिसिलिन चालत नाही. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन किंवा ॲटोर्व्हास्टॅटिन घेणाऱ्याने क्लॅरिथ्रोमायसिन सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना ते सांगितलेच पाहिजे. चिठ्ठीशिवाय, शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याच्या पट्टीचे वेष्टन दाखवून किट मागणाऱ्याला यातले काहीच कोणी विचारत नाही, म्हणून तशी विक्री पूर्णपणे थांबली पाहिजे.

कोर्स संपल्यावर जिवाणू खरोखर गेला की नाही हे पाहण्याची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाही. त्यासाठी औषधे संपून निदान चार आठवडे झाल्यावर, आणि आम्लरोधक दोन आठवडे बंद ठेवून, श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचातील प्रतिजनाची, म्हणजे जिवाणूच्या अंशांची, चाचणी करावी लागते. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी यासाठी निरुपयोगी आहे, कारण जिवाणू गेल्यावरही ती पुष्कळ काळ संसर्ग असल्याचाच निकाल दाखवत राहते आणि रुग्णाला विनाकारण दुसरा कोर्स घ्यावा लागतो.

1894 मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून वैद्यकीय पंढरी म्हणून या गावाची ओळख आहे. सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण इथे येतात आणि इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर घडतात. म्हणून पुढील गोष्टीची सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून व्हावी अशी माझी विनंती आहे. जनऔषधी योजनेने या चार औषधांचा चौदा दिवसांचा एकच बंद संच तयार करावा, ज्याच्या पट्ट्या सुट्या विकता येणार नाहीत, ज्यावर सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे मराठीत छापलेले असेल आणि ज्यात वर लिहिलेल्या सूचनांचा एक कागद असेल. चारही औषधे एका कॅप्सूलमध्ये कोंबण्याची गरज नाही. घटकांचे तर्कशून्य मिश्रण असलेली शेकडो औषधे केंद्र सरकारने 2016 पासून बंद केली आहेत, आणि त्या वाटेने पुन्हा जाण्याचे कारण नाही. वेगवेगळ्या गोळ्या एका खोक्यात ठेवल्या तरी काम होते, आणि एखाद्याला एखादे औषध चालत नसेल तर डॉक्टरांना बदलही करता येतो. संच नेणाऱ्या रुग्णाची सहा आठवड्यांनंतरची शौच चाचणी शासकीय रुग्णालयात विनामूल्य व्हावी. जिवाणू कोणत्या औषधाला किती दाद देतो याची नोंद मिरजेच्या महाविद्यालयात झाली, तर कोणता कोर्स लिहावा हे परदेशी आकड्यांवरून ठरवण्याची वेळ इथल्या डॉक्टरांवर येणार नाही.

यात एक व्यावहारिक अडचण येईल आणि तिचा विचार आधीच व्हायला हवा. असा संच रोज खपणारा नाही. आटपाडी किंवा जतच्या केंद्रचालकाने तो मागवला आणि मुदत संपेपर्यंत पडून राहिला तर नुकसान त्याच्याच माथी येते, म्हणून तो मागवणारच नाही. यावर उपाय म्हणून जिल्ह्याचा साठा सांगली किंवा मिरजेत एका ठिकाणी ठेवावा, तालुक्याच्या केंद्राने चिठ्ठीची प्रत पाठवली की दुसऱ्या दिवशी संच तिथे पोचावा, आणि न खपलेला माल परत घेण्याची हमी योजनेने लेखी द्यावी. जिल्हा प्रशासन, जनऔषधी योजनेचे अधिकारी, औषध विक्रेत्यांची संघटना आणि पोटविकारतज्ज्ञ यांनी एकदा एकत्र बसून एवढे ठरवावे. सूचनांच्या कागदाचा मराठी मसुदा मी विनामोबदला तयार करून देण्यास तयार आहे.

आपला,
एक नोंदणीकृत औषधनिर्माता,
विश्रामबाग, सांगली